जुन्या बाथरूमचे नवे रूप, दहा हजारांच्या आत

फरशी फोडायची नाही, कर्ज काढायचे नाही, महिनाभर शेजाऱ्यांच्या दारात बादली घेऊन उभे राहायचे नाही. तरीही कळकट बाथरूम लखलखीत होऊ शकते. फक्त खर्चाचा क्रम चुकता कामा नये.

घर कितीही टापटीप ठेवा, पाहुण्यांनी ‘हात-पाय कुठे धुवायचे?’ असे विचारले की अनेक गृहिणींचा चेहरा उतरतो. बैठकीच्या खोलीत नवे पडदे असतात, स्वयंपाकघरात चकचकीत ओटा असतो, पण बाथरूमचे दार उघडायची लाज वाटते. टाइल्सवर पांढरट पापुद्रा, नळाच्या मुळाशी खडूसारखी पुटे, सांध्यांत काळी रेघ, छतावर बुरशीचे ठिपके आणि सतत ठिबकणारा नळ. ‘सगळेच बदलायला हवे’ असे वाटते. मेस्त्रीला बोलावले की तो लाखाचा आकडा सांगतो आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

बेंगळुरूच्या दक्षिणेला, तामिळनाडूच्या सीमेला लागून असलेल्या आनेकल तालुक्यात हे चित्र घरोघरी दिसते. इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडली की चंदापूर, बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले अशी कारखान्यांची आणि नव्या वसाहतींची रांग लागते. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आणि बेळगावकडून आलेली मराठी कुटुंबेही या भागात राहतात. कुणी भाड्याच्या घरात, कुणी हप्त्यावर घेतलेल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. हप्ता, शाळेची फी आणि टँकरचे पैसे गेल्यावर बाथरूमसाठी उरणार किती? म्हणूनच जे पैसे आहेत ते नेमके कुठे घालायचे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर एका वाक्यात सांगता येईल. आधी पाण्याचा बंदोबस्त करा, मग सांध्यांचा, मग हवेचा आणि सर्वांत शेवटी सजावटीचा. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. आधी नवा आरसा, रंगीत पडदा, नवा शॉवर येतो आणि सहा महिन्यांत त्या नव्या वस्तूंवरही तोच पांढरा थर चढतो.

खरा गुन्हेगार ओळखा

आनेकलची जमीन ग्रॅनाइट आणि त्याच जातकुळीच्या कठीण खडकाची. या खडकाच्या भेगांत साठलेले पाणी बोअरवेलने वर येते, तेव्हा सोबत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. तालुक्यातल्या पुष्कळ वस्त्या अशा बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर अवलंबून आहेत. या पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. इकडे कानडीत ‘उप्पु नीरु’, म्हणजे खारे पाणी म्हणतात.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. अंघोळीच्या पाण्याला कुणी हा नियम लावत नाही, पण नळ, टाइल्स आणि गिझर यांना तो जाणवतो. पाण्याचा थेंब वाळला की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. साबणाशी हे क्षार मिसळले की फेस कमी होतो आणि चिकट साका तयार होऊन भिंतीवर बसतो. पाणी तापले की क्षार अधिकच वेगाने घट्ट होतात, म्हणून गिझरच्या आत सर्वांत जाड थर साचतो. तुमचे बाथरूम ‘जुने’ दिसते ते पुष्कळदा वयामुळे नव्हे, तर या थरामुळे. टाइल खाली चांगलीच असते!

म्हणून फरशी फोडण्याआधी एक प्रयोग करून पाहा. भिंतीचा हातभर भाग नीट स्वच्छ करा आणि वाळल्यावर शेजारच्या भागाशी ताडून पाहा. फरक दिसला तर तुमचे निम्मे काम घासणीनेच होणार आहे.

पहिला टप्पा : ठिबकणे थांबवा

नळातून सेकंदाला एकच थेंब पडतो असे धरू. चार थेंबांचा एक मिलिलिटर होतो असा हिशेब केला तर दिवसाला 20 लिटरहून अधिक पाणी जाते. म्हणजे पिण्याच्या पाण्याची एक भरलेली कॅन रोज मोरीत ओतल्यासारखेच. आनेकल तालुका भूजलाचा अतिउपसा होणाऱ्या तालुक्यांत मोडतो. इथे पाणी विकत घ्यावे लागते तेव्हा हा हिशेब थेट खिशाला लागतो.

बहुतेक नळ वायसर झिजल्यामुळे गळतात. घरात पाणी येणारा मुख्य कॉक बंद करून नळाचा वरचा भाग उघडला की वायसर दिसतो. तो सोबत घेऊनच दुकानात जा, म्हणजे मापाची चूक होत नाही. पाव वळणाच्या नव्या नळांत वायसरऐवजी आतला पूर्ण स्पिंडल बदलावा लागतो. तोही सुटा मिळतो, नळ फेकण्याची गरज नसते.

फ्लशची टाकी चोरून गळते का, हे पाहण्यासाठी टाकीत चिमूटभर खायचा रंग टाका आणि वीस मिनिटे फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर आतला रबरी भाग बदला. टाकी जुनी आणि मोठी असेल तर त्यात पाण्याने भरलेली लिटरची बाटली उभी करा, मात्र आतल्या भागांना ती अडता कामा नये. दर फ्लशला लिटरभर पाणी वाचेल.

नळाच्या तोंडाला लावायचा एरेटर ही छोटी जाळी पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे कमी पाण्यातही धार भरघोस वाटते. मार्च 2024 मध्ये बेंगळुरूत तीव्र टंचाई झाली, तेव्हा तिथल्या जलमंडळाने हॉटेले, व्यापारी इमारती आणि गृहसंकुलांना एरेटर बसवणे सक्तीचे केले होते. घरात तो बेसिनच्या नळाला लावा. बादली भरण्याच्या नळाला लावून उपयोग नाही. बादलीला जेवढे पाणी लागते तेवढे लागणारच, फक्त वेळ जास्त जाईल. जड पाण्यात ही जाळी लवकर तुंबते, म्हणून महिन्यातून एकदा काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा.

दुसरा टप्पा : थर उतरवा, सांधे भरा

क्षारांचा थर साबणाने निघत नाही, त्याला आंबट पदार्थच लागतो. लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळते. लिटरभर कोमट पाण्यात तीन चमचे विरघळवा. जुने फडके त्यात भिजवून नळाभोवती गुंडाळा, अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. शॉवरची चाळणी काढून त्याच पाण्यात तासभर बुडवा. टाइल्सवर हेच पाणी स्पंजने लावा, दहा मिनिटांनी घासा. थर जाड असेल तर एकदम जोर लावण्यापेक्षा दोन-तीन दिवस ओळीने करा. हातात रबरी मोजे हवेतच.

मात्र इथे फरशीची जात पाहणे महत्त्वाचे. ग्लेझ्ड टाइल्सना लिंबूफूल चालते. संगमरवर, मोझॅक, कडप्पा आणि शहाबादी फरशी यांना कुठलाच आंबट पदार्थ लावू नका. या दगडांत मुळातच कॅल्शियमचे प्रमाण भरपूर असते, त्यामुळे थराबरोबर दगडही विरघळतो आणि पॉलिश कायमचे जाते. तिथे साधा साबण, कोमट पाणी आणि मनगटाचा जोर एवढेच वापरा.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फेस काढण्याची पद्धत लोकप्रिय आहे. फेस बघायला छान वाटतो, पण दोघे एकमेकांचा गुण मारतात. सोडा तेलकट डागांसाठी वेगळा वापरा, व्हिनेगर क्षारांसाठी वेगळे.

थर निघाला की काळे सांधे उघडे पडतात. टाइल्समधले जुने ग्राउट टोकदार हत्याराने दोन-तीन मिलिमीटर खरवडून काढा, धूळ झाडा आणि नवे ग्राउट दाबून भरा. साध्या पांढऱ्या सिमेंटपेक्षा दुकानात मिळणारे तयार ग्राउट टिकाऊ असते. पैसे असतील तर खाली पाणी साचणाऱ्या भागात तरी इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. ते महाग असते, पण पाणी पीत नाही आणि काळे पडत नाही. पूर्ण पांढऱ्याऐवजी राखाडी रंग निवडला तर मळ लवकर दिसत नाही. बेसिन आणि भिंत, कमोड आणि फरशी यांच्या फटी सिलिकॉनने बंद करा. ग्राउट आणि सिलिकॉन दोन्ही वाळायला एक दिवस द्या. त्या दिवशी अंघोळीची सोय शेजारी किंवा दुसऱ्या बाथरूममध्ये करा.

दुकानात फरशीतल्या जाळीखालचा भाग मागताना ‘नहाणी ट्रॅप’ म्हणा, लगेच मिळेल. आपल्या न्हाणीचे नाव असे देशभरातल्या प्लंबिंगच्या भाषेत जाऊन बसले आहे! या ट्रॅपमध्ये नेहमी थोडे पाणी साठून राहते आणि तेच गटाराचा वास व झुरळे अडवते. सुट्टीला गावी जाऊन आल्यावर बाथरूमला वास येतो तो हे पाणी आटल्यामुळे. परतल्यावर आधी तांब्याभर पाणी जाळीत ओता.

छोट्या खर्चाने न भागणारी तीन लक्षणे

एक, खालच्या घराच्या छताला ओल येणे. दोन, टाइल ठोकल्यावर पोकळ आवाज येणे आणि ती हलणे. तीन, अंघोळीनंतर पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचणे. उतार दर फुटाला साधारण पाव इंच हवा. ही लक्षणे असतील तर रंगरंगोटीवर एक रुपयाही घालू नका. जाळी बंद करून फरशीवर इंचभर पाणी एक दिवस साठवा आणि खाली ओल वाढते का ते पाहा. वाढली तर आधी वॉटरप्रूफिंगसाठी पैसे साठवा. ओलीवर नवी टाइल बसवणे म्हणजे दुखणे झाकणे.

तिसरा टप्पा : हवा आणि वीज

समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरचा हा भाग. हवा थंड, पाऊस जूनपासून पार नोव्हेंबरपर्यंत अधूनमधून येतच राहतो. बाथरूम दिवसभर ओले राहते आणि बुरशीला आमंत्रण मिळते. झडपांच्या खिडकीतली एक-दोन काचेची पाती काढून तिथे सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसवता येतो. दाराखाली बोटभर फट ठेवा, नाहीतर आत हवाच न आल्याने पंखा नुसता फिरत राहतो. अंघोळ झाल्यावर तो पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवा.

छतावरची बुरशी ब्लीचिंगच्या पातळ पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, खरवडा आणि मगच बुरशीरोधक रंगाचे दोन हात मारा. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड किंवा संडास साफ करण्याचे ॲसिडयुक्त द्रव एकाच वेळी, एकाच जागी कधीही वापरू नका. दोन्ही मिसळले की क्लोरिन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. लिंबूफूल आणि व्हिनेगरलाही हाच नियम. एक दिवस ब्लीचिंग, दुसऱ्या दिवशी आंबट, अशी वाटणी ठेवा.

गिझरकडे दुर्लक्ष नको. जड पाण्याच्या भागात वर्षातून एकदा तो उघडून आतला थर काढून घ्या आणि आतला मॅग्नेशियमचा दांडा झिजला असेल तर बदला. तापमान 50 ते 55 अंशांवर ठेवले तर थर सावकाश चढतो आणि विजेचे बिलही आटोक्यात राहते. गिझरच्या वायरिंगला अर्थिंग आहे का आणि घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गॅसवरचा गिझर बाथरूमच्या आत मुळीच नको. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि बंद खोलीत तो माणसाला बेशुद्ध करून मारतो. इथे काटकसर करायची नाही.

चौथा टप्पा : आता सजवा

इथे आनेकलकरांना एक हक्काची सोय आहे. तालुक्यातल्या जिगणीत ग्रॅनाइट कापण्याचे आणि पॉलिश करण्याचे मोठे कारखाने आहेत. मोठ्या लाद्या कापल्यावर अरुंद पट्ट्या उरतात. अशा उरलेल्या पट्ट्या कुठे सुट्या मिळतात का, याची चौकशी करा. वीतभर रुंद पट्टी साबण-शाम्पूची फळी होते, चार इंची पट्टी अंघोळीची जागा वेगळी करणारा छोटा बांध होते, दाराशी घातली तर उंबरा होते. पाण्याने फुगणारी लाकडी फळी आणि गंजणारा लोखंडी रॅक यांच्यापेक्षा हे कितीतरी टिकाऊ. मात्र पायाखाली पॉलिश केलेला दगड नको, तो ओला झाला की घसरतो.

घरात आई-बाबा किंवा सासू-सासरे राहत असतील, निदान दिवाळीला येत असतील, तर कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी स्टीलचा पकड-दांडा बसवा. तो भिंतीत खोल स्क्रूने पक्का हवा. चिकटवायच्या दांड्यांवर भार टाकू नका. टॉवेल अडकवायची दांडी ही आधाराची दांडी नव्हे, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. सत्तरीतल्या माणसाचा पाय घसरला तर होणारा खर्च आणि त्रास किती असतो, हे वेगळे सांगायला नको. साऱ्या यादीतली ही सहाशे रुपयांची वस्तू सर्वांत मोलाची आहे.

बाकी थोडक्यात. कमोडचे पिवळे पडलेले झाकण बदला, अख्खा कमोड नवा वाटेल. बेसिनवर मोठा आरसा लावला की लहान जागा मोठी दिसते. बादली, मग आणि पाट एकाच रंगाचे घ्या. खिडकीत मनी प्लँट ठेवा. कमी उजेडातही तो तग धरतो.

दहा हजारांचा हिशेब

साधारण पाच बाय सात फुटांच्या बाथरूमचा अंदाज असा मांडता येईल. दुकान, वस्तूचा दर्जा आणि मजुरी यांप्रमाणे थोडा फरक पडेल.

पाणी : वायसर, स्पिंडल, टेप वगैरे 500, प्लंबर 500, एरेटर 250. एकूण 1,250 रुपये.

सफाई आणि सांधे : लिंबूफूल व ब्रश 200, ग्राउट 250, सिलिकॉन 300, मेस्त्रीची दोन दिवसांची मजुरी 2,200. एकूण 2,950 रुपये.

हवा आणि वीज : एक्झॉस्ट पंखा 1,300, इलेक्ट्रिशियन 600, छताचा रंग 600. एकूण 2,500 रुपये.

सोय आणि शोभा : पकड-दांडा 600, ग्रॅनाइटची पट्टी 500, कमोडचे झाकण 700, आरसा 400. एकूण 2,200 रुपये.

बेरीज 8,900 रुपये. उरलेले 1,100 बाजूला ठेवा. जुन्या बाथरूममध्ये एखादा पाइप ऐनवेळी हातात येतोच. इपॉक्सी ग्राउट, आरसीसीबी आणि गिझरची दुरुस्ती या हिशेबात नाहीत. सगळे एकदम जमत नसेल तर दर महिन्याला एक टप्पा करा, फक्त क्रम मोडू नका. ग्राउट भरणे आणि छत रंगवणे घरच्या मंडळींनी रविवारी केले तर मजुरीही वाचते.

सुट्या भागांसाठी चंदापूर, अत्तिबेलेतली हार्डवेअरची दुकाने पुरतात. जुन्या बनावटीचा एखादा भाग मिळत नसेल तर बेंगळुरूच्या एस. जे. पी. रोडवरचा बाजार पालथा घाला. ऑगस्ट 2025 पासून बोम्मसंद्रहून मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली आहे. आर. व्ही. रोडला गाडी बदलून के. आर. मार्केटला उतरले की हा बाजार जवळच आहे.

घर भाड्याचे असेल तर

भाडेकरूने भिंतीत आणि फरशीत पैसे पुरू नयेत. आधी मालकांशी बोला. गळती, वायरिंग, ओल ही दुरुस्ती त्यांच्या वाट्याची आहे, हे गोडीने पण स्पष्टपणे सांगा. ‘सामान तुम्ही द्या, मजुरी मी देतो’ असा मधला मार्ग पुष्कळदा निघतो. जे ठरेल ते फोनवर संदेश पाठवून लेखी करून घ्या आणि बिले जपून ठेवा. बेंगळुरूकडे घर सोडताना रंगकामासाठी अनामत रकमेतून साधारण महिन्याचे भाडे कापून घेण्याची रीत आहे. तुम्ही स्वतः रंग दिला असेल तर ही गोष्ट आधीच बोलून घेतलेली बरी. एरेटर, आरसा, कमोडचे झाकण या वस्तू जाताना काढून नेता येतात. जुने झाकण मात्र जपून ठेवा, परत लावावे लागेल.

रोजचे एक मिनिट

एवढे सगळे करून बाथरूम तसेच टिकावे यासाठी एक सवय लावा. शेवटी अंघोळ करणाऱ्याने रबरी वायपरने भिंत आणि फरशी निपटून काढायची, नळावरून कोरडे फडके फिरवायचे आणि पंखा लावून बाहेर यायचे. थेंब वाळण्याआधी पुसला की क्षार मागे राहतच नाहीत. हे काम फक्त गृहिणीचे नाही. बाथरूम वापरतात सगळे, तेव्हा वायपर हातात घेण्याची पाळीही सगळ्यांची. दाराच्या मागे एक खिळा ठोका, त्यावर वायपर अडकवा आणि पहिल्या आठवड्यात मुलांना रोज आठवण करा. पुढे सांगावे लागणार नाही.